गोल कोणी केला आणि चेंडू कोणी मिळवून दिला?

आपल्या वस्त्यांमधून आता क्रिकेटच्या जोडीने फुटबॉलही पाहिला जातो. विश्वचषक आला की रात्री-अपरात्री टीव्हीसमोर पोरे जमतात आणि सामना संपला की वाद सुरू होतो. एक म्हणतो, अमक्याने दोन गोल मारले, तोच मोठा. दुसरा म्हणतो, तमका नव्वद मिनिटे जीव तोडून धावला, त्याचे काय? तिसरा म्हणतो, गोल नि धावणे राहू द्या, ज्याच्या पायात कला तोच खरा खेळाडू. आकडे, कष्ट आणि कसब अशी ही तीन मापे.

वाद पोरांचा असला तरी त्यातला प्रश्न लहान नाही. माणसाची लायकी कशाने मोजायची आणि ती मोजणारा कोण, हा तो प्रश्न. ज्या समाजाची लायकी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच ठरवली, त्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. तेव्हा हा वाद पोरांवर सोडून न देता आपणही त्यात थोडे लक्ष घालू या.

एका गोलाचा खेळाडू

एन्गोलो कान्ते हे नाव फुटबॉल पाहणाऱ्या मुलांना ठाऊक असते. त्याचे आईवडील आफ्रिकेतल्या माली देशातून फ्रान्सला आलेले. त्याचा जन्म १९९१ साली पॅरिसमध्ये झाला आणि शहराच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात तो वाढला. वडील लहानपणीच वारले. सुरेन नावाच्या गावातील एका लहान क्लबात तो वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत खेळत राहिला. मोठ्या क्लबांच्या प्रशिक्षण केंद्रांनी त्याला घेतले नाही. कारण सरळ होते. पोरगा बुटका आणि किरकोळ. आजही त्याची उंची साडेपाच फुटांच्या आसपासच आहे.

पुढे तो फ्रान्सच्या तिसऱ्या श्रेणीत खेळला, मग दुसऱ्या, मग पहिल्या. २०१५ साली इंग्लंडच्या लेस्टर सिटी या क्लबाने त्याला घेतले. खेळाडू हेरण्याचे काम पाहणाऱ्या स्टीव्ह वॉल्श यांनी त्याच्यासाठी आग्रह धरला होता. फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीत प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू परत मिळवण्याच्या मोजणीत हा खेळाडू अग्रभागी होता. डोळ्यांना जो बुटका दिसत होता, तो आकड्यांत उंच दिसत होता.

लेस्टर हा काही मातब्बर क्लब नव्हता. आदल्या हंगामात तो चौदाव्या क्रमांकावर होता. तो विजेता होईल यावर सट्टेवाल्यांनी एकास पाच हजार असा भाव लावला होता. २०१६ च्या मे महिन्यात तो विजेता झाला. जेमी वार्डीचे २४ गोल झाले, रियाद महरेझचे १७. त्या वर्षीचे दोन मोठे वैयक्तिक पुरस्कारही याच दोघांना मिळाले. आणि कान्तेचे गोल? अख्ख्या हंगामात ३७ सामन्यांत एक.

मग तो चेल्सीकडे गेला. आदल्या वर्षी दहाव्या क्रमांकावर असलेला चेल्सी २०१७ मध्ये विजेता झाला. कान्ते गमावलेला लेस्टर बाराव्या क्रमांकावर घसरला. त्याही हंगामात त्याचा लीगमधला गोल एकच. पण या वेळी खेळाडूंच्या संघटनेने आणि क्रीडापत्रकारांनी, दोघांनीही त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवले. २०१८ मध्ये फ्रान्सच्या विश्वविजेत्या संघात तो होता. २०२१ मध्ये चेल्सीने युरोपचा चॅम्पियन्स चषक जिंकला, तेव्हा अंतिम सामन्याचा मानकरी तोच होता.

एका माणसामुळे सगळे घडले असे कोणी म्हणणार नाही. अकरा जणांचा खेळ आहे. पण गोल मोजणाऱ्या वहीत ज्याच्या नावापुढे एकाचा आकडा, तो ज्या संघात जातो तो संघ उभा राहतो. वहीत काहीतरी लिहायचे राहून गेले आहे, एवढे यावरून नक्की कळते.

गेल्यावर कळलेली किंमत

याआधीही असेच घडले होते. स्पेनच्या रिअल माद्रिद क्लबात २००० ते २००३ या काळात क्लॉद मकेलेले हा खेळाडू मधल्या फळीत बचावाचे काम करायचा. त्याचा जन्म काँगोतील किन्शासा शहरात १९७३ साली झाला. संघात झिदान, फिगो, राउल, ब्राझीलचा रोनाल्डो असे एकाहून एक नावाजलेले खेळाडू. ते पुढे जाऊन खेळ करीत, तेव्हा मागची मोकळी पडलेली जागा मकेलेले सांभाळायचा. या तीन वर्षांत माद्रिदने स्पेनची लीग दोनदा आणि युरोपचा चषक एकदा जिंकला.

मकेलेलेचा पगार मात्र या ताऱ्यांच्या तुलनेत फारच कमी होता. त्याने वाढ मागितली. ती नाकारण्यात आली. २००३ च्या उन्हाळ्यात क्लबाने डेव्हिड बेकहॅमला विकत आणले आणि मकेलेलेला चेल्सीला विकले. पुढच्या हंगामात माद्रिद चौथ्या क्रमांकावर गेला. स्पेनची लीग पुन्हा जिंकायला त्याला २००७ साल उजाडले. इकडे २००४-०५ च्या हंगामात चेल्सीने ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले आणि पन्नास वर्षांनी इंग्लंडची लीग जिंकली. मैदानावरच्या त्या जागेलाच पुढे इंग्लंडमध्ये मकेलेलेचे नाव पडले.

घरात जो रोज पाणी भरून ठेवतो, त्याचे काम तो गावाला गेल्यावरच दिसते. मोठमोठ्या क्लबांचे मालकही याला अपवाद नाहीत.

आकडे खोटे बोलत नाहीत, पण मोजणारा चुकतो

मग सगळेच मोजले तर? हा विचारही नवा नाही. इंग्लंडच्या हवाई दलात हिशेबाचे काम करणाऱ्या चार्ल्स रीप यांनी १९५० च्या मार्च महिन्यात स्विंडन येथील एका सामन्यात वही-पेन्सिल घेऊन प्रत्येक चढाईची नोंद सुरू केली. पुढे अनेक वर्षे शेकडो सामन्यांची त्यांनी नोंद ठेवली. १९६८ साली बर्नार्ड बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी शोधनिबंधही प्रसिद्ध केला. मेहनत थोर होती, यात शंका नाही.

त्यांना असे दिसले की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चढाईतून होतात. त्यावरून निष्कर्ष निघाला, की पास करीत बसू नका, चेंडू लांब मारून थेट पुढे न्या. इंग्लंडमधल्या कित्येक प्रशिक्षकांनी हे डोक्यात घेतले.

यातली चूक आपल्या आठवीतल्या मुलालाही समजावून सांगता येईल. समजा, एक हजार चढाया झाल्या. त्यांतल्या ९०० कमी पासांच्या आणि १०० जास्त पासांच्या. एकूण १० गोल झाले, त्यांतले ८ कमी पासांच्या चढायांतून आले. वरवर पाहता कमी पास जिंकले. पण भागाकार करून पाहा. ९०० चढायांत ८ गोल, म्हणजे साधारण ११२ चढायांमागे एक. जास्त पासांच्या १०० चढायांत २ गोल, म्हणजे ५० चढायांमागे एक. किफायतशीर कोणती चढाई ठरली? आकडा तोच, पण कशाच्या तुलनेत मोजला यावर अर्थ फिरला. पुढच्या काळातील अभ्यासकांनी रीप यांच्या निष्कर्षातली हीच खोट दाखवून दिली.

दुसरे उदाहरण टॅकलचे. टॅकल म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू काढून घेणे. ज्याचे टॅकल जास्त तो चांगला बचावपटू, असे सोपे गणित मांडता येते. २००१ साली मँचेस्टर युनायटेडने याप स्टाम या डच बचावपटूला अचानक विकले. त्याच्या टॅकलची संख्या घटली होती, हे त्यामागचे एक कारण असल्याचे सांगितले जाते. त्याला विकणे ही चूक होती, हे व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी पुढे मान्य केले. जो बचावपटू आधीच योग्य जागी उभा असतो, त्याच्या बाजूला चेंडू टाकायलाच समोरचे धजत नाहीत. मग टॅकल करण्याची वेळच येत नाही. न घडलेली गोष्ट वहीत लिहिता येत नाही.

धावण्याचेही तसेच. आज कॅमेऱ्यांच्या साहाय्याने प्रत्येक खेळाडू किती धावला हे मोजतात. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात अकरा-बारा किलोमीटर अंतर सहज कापतो. पण जागा चुकलेला खेळाडूही जास्त धावतो, कारण त्याला परत जागेवर यायचे असते. उलट लिओनेल मेस्सी सामन्यात बराच वेळ चालत असतो. २०२२ च्या विश्वचषकातही तो असाच चालत होता. त्याने सात गोल केले, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि अर्जेंटिना विश्वविजेता झाला. तो चालताना आजूबाजूला पाहत असतो आणि कोणती जागा मोकळी होते आहे हे हेरत असतो. केवळ घाम पाहून कोणी किती काम केले हे ठरवता येत नाही.

याचा अर्थ आकडे टाकाऊ आहेत असा मुळीच नाही. आता मोजणी सुधारली आहे. नुसता गोल न मोजता, गोलावर मारलेला प्रत्येक फटका किती अंतरावरून, कोणत्या कोनातून मारला आणि अशा फटक्यांतून आजवर कितींदा गोल झाला, हे पाहून त्याला किंमत देतात. पेनल्टीवर चारांपैकी साधारण तीनदा गोल होतो, म्हणून तिची किंमत पाऊण गोलाच्या आसपास धरतात. दुरून मारलेल्या फटक्याची किंमत अगदीच थोडी. यामुळे नशिबाने मारलेला गोल आणि मेहनतीने उभी केलेली संधी यांतला फरक कळू लागला आहे. नॉर्वेतील गेइर योर्डेट या संशोधकाने तर चेंडू पायात येण्याआधी खेळाडू किती वेळा मान वळवून आजूबाजूला पाहतो, हे मोजले. जे जास्त वेळा पाहतात, त्यांचे पुढे दिलेले पास अधिक वेळा बरोबर जातात असे त्याला आढळले. म्हणजे डोक्यात चाललेले कामसुद्धा मोजता येते. मात्र ते मोजावे असे कोणाला तरी वाटले पाहिजे.

पाहणाऱ्याच्या डोळ्यांवरचा चष्मा

काही जण म्हणतात, आकडे कशाला, जाणकाराच्या डोळ्यांना सगळे दिसते. या डोळ्यांचीही एकदा तपासणी झाली. २०२० साली रनरिपीट या डॅनिश कंपनीने इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेबरोबर इंग्लंड, स्पेन, इटली आणि फ्रान्स येथील लीगच्या ८० सामन्यांचे इंग्रजी समालोचन ऐकून दोन हजारांहून अधिक विधानांची छाननी केली. बुद्धीची स्तुती करणाऱ्या विधानांपैकी सुमारे ६३ टक्के विधाने उजळ वर्णाच्या खेळाडूंबद्दल होती. मेहनतीच्या स्तुतीतही त्यांचाच वाटा ६० टक्के. ताकदीचा विषय निघाला की मात्र समालोचक काळ्या वर्णाच्या खेळाडूबद्दल बोलत असण्याची शक्यता साडेसहा पटींनी अधिक होती. वेगाच्या बाबतीत ती तिप्पटीहून अधिक होती.

या निष्कर्षाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ताकद नि वेग ही निसर्गाची देणगी समजली जाते. बुद्धी आणि मेहनत ही माणसाची स्वतःची कमाई. काळ्या खेळाडूला ‘दणकट’ म्हटले की वरवर स्तुती होते, पण त्याच्या कमाईचे श्रेय हळूच काढून घेतले जाते. सरावात घालवलेली वर्षे आणि खेळाची समज, दोन्ही त्या एका शब्दाखाली गाडली जातात.

कान्तेविषयीही हेच झाले. पृथ्वीचा बहुतेक भाग पाण्याने व्यापला आहे आणि उरलेला कान्तेने, असा विनोद इंग्लंडमध्ये प्रसिद्ध होता. लोक प्रेमाने म्हणत. पण त्याच्या धावण्याचेच कौतुक जास्त झाले. चेंडू कुठे येणार हे इतरांच्या आधी ओळखून तो तिथे पोहोचतो, हे कसब डोक्याचे आहे. नुसत्या पायांच्या जोरावर कोणी समोरच्याचा पास अडवू शकत नाही.

आपल्या वाचकांना इथे पी. बाळू यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. खेळ क्रिकेटचा, पण गोष्ट हीच. अस्पृश्य मानलेल्या समाजात जन्मलेले बाळू पुण्यात मैदानाची देखभाल करता करता इंग्रज खेळाडूंना सरावासाठी गोलंदाजी करीत. चेंडू टाकायला त्यांचा हात चाले, पण चहा मात्र मैदानाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यातून मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हा आकडा कोणालाही पुसता आला नाही. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. बळी मोजता येत होते म्हणून बाळूंची गोलंदाजी नाकारता आली नाही. नेतृत्वाची कुवत मोजायला आकडा नव्हता, म्हणून तिथे जात आडवी आली.

यातून आकड्यांचे खरे मोल कळते. ज्याची ओळख-पाळख मोठी, ज्याचा चेहरा पाहणाऱ्याच्या ओळखीचा, त्याला आकडे नसले तरी चालते. ज्याच्याकडे पाहायचेच कोणी ठरवले नाही, त्याच्यासाठी कागदावरची नोंद ही साक्षीदार असते. म्हणून आकड्यांचा राग धरू नये आणि त्यांच्यापुढे मानही तुकवू नये. त्यांना प्रश्न विचारावेत. मोजले कोणी? काय मोजले? काय मोजायचे राहिले?

कष्ट आणि कसब वेगळे नाहीत

कष्ट आणि कसब यांची फारकत कोणी केली? गवंडी भिंत रचतो, तिला मजुरी म्हणतात. त्याच भिंतीचा नकाशा काढणाऱ्याच्या कामाला कौशल्य म्हणतात. पण ओळंबा न लावता नजरेने भिंत सरळ आहे की नाही हे सांगणारा गवंडी काय केवळ अंगमेहनत करतो? गिरणीत तुटलेला धागा एका क्षणात जोडणाऱ्या कामगाराच्या बोटांत किती वर्षांची विद्या होती! काम कोण करतो हे पाहून त्याला कष्ट म्हणायचे की कसब, हे पुष्कळदा ठरते. मैदानावरही तेच होते. पुढे खेळणाऱ्याची कला, मागे खेळणाऱ्याची मेहनत, असे म्हणायची सवय आपल्यालाही लागली आहे.

ती सवय मोडता येते, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. पुढचा सामना पाहताना मुलांना एक खेळ द्या. चेंडूच्या मागे सगळेच पाहतात. एका सामन्यात एका खेळाडूच्या पायात चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटे असतो. उरलेला सगळा वेळ तो काय करतो? मधल्या किंवा मागच्या फळीतला एक खेळाडू निवडा आणि पंधरा मिनिटे त्याच्यावरच नजर ठेवा. वहीत चार रकाने आखा. चेंडू येण्याआधी त्याने मान वळवून पाहिले का? जोडीदाराला पास देता यावा अशा जागी तो उभा राहिला का? चेंडू गमावल्यावर त्याने काय केले? दुसऱ्याची मोकळी पडलेली जागा त्याने किती वेळा भरली? पाचवा रकाना समालोचकासाठी ठेवा. त्याने कोणाला ‘हुशार’ म्हटले आणि कोणाला ‘दणकट’, हे लिहून काढा. दोन-तीन सामन्यांत मुले जे सांगतील ते ऐकून मोठ्यांनाही नवल वाटेल. गणित होईल, नजर तयार होईल आणि ऐकलेला प्रत्येक शब्द पारखून घ्यायची सवय लागेल.

ज्यांची मुलेमुली शाळेत किंवा मैदानावर खेळतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची. लहान वयोगटात निवड होते तेव्हा अंगाने मोठी मुले पुढे दिसतात. अनेक देशांतल्या कुमार संघांत निवडीच्या वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुले प्रमाणाबाहेर जास्त आढळली आहेत. म्हणजे आठ-दहा महिने आधी जन्मल्याचा फायदा ‘गुणवत्ता’ म्हणून मोजला जातो. तेव्हा ‘तुझा मुलगा बारीक आहे’ किंवा ‘मुलगी छोटी आहे’ असे ऐकून मुलांचे बूट काढून ठेवू नका. कान्तेला हेच सांगितले गेले होते.

निवडीच्या यादीत नसलेल्यांना पाहण्याचे काम आपल्याकडेही झाले आहे. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली मुले दिसली. २००१ साली त्यांनी त्या मुलांसाठी झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा ‘झुंड’ हा चित्रपट त्यावरूनच निघाला. त्या मुलांची कुठल्याही वहीत नोंद नव्हती आणि कुठल्याही निवड समितीने त्यांना पाहिले नव्हते. त्यांच्या पायात खेळ मात्र आधीपासून होता.

तेव्हा पोरांच्या वादात आता आपणही एक प्रश्न घालू या. गोल कोणी केला हे विचारून थांबू नका. चेंडू कोणी मिळवून दिला, तो मिळवायला कोणती समज लागली आणि ती कोणी मोजली का, हेही विचारा. मैदानावर हे विचारायची सवय लागलेले मूल उद्या शाळेच्या निकालाला, नोकरीच्या मुलाखतीला आणि कारखान्यातल्या बढतीच्या यादीलाही हेच प्रश्न विचारील.